वाद, विवाद आणि धर्मवाद : मतप्रतिपादक लेखनाची पारख



वर्तमानपत्रातील अग्रलेख, निवडणुकीची पत्रके, जाहिराती आणि भ्रमणध्वनीवरून पुढे धाडले जाणारे संदेश या सर्वांचा उद्देश एकच असतो : वाचणाऱ्याने लिहिणाऱ्याची बाजू स्वीकारावी. यात मुळात गैर काही नाही. एकमेकांस पटवून देणे हा समाजजीवनाचा नित्याचा व्यवहार आहे. परंतु युक्तिवाद पटल्यामुळे मान डोलावणे वेगळे आणि शब्दांच्या ओघात वाहून जाणे वेगळे. हा भेद ओळखण्याची साधने भारतीय तर्कपरंपरेत, आणि त्यातही जैन आचार्यांच्या ग्रंथांत, शतकानुशतके उपलब्ध आहेत.

आठव्या शतकातील आचार्य हरिभद्रसूरींनी ‘अष्टकप्रकरण’ या ग्रंथात वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत : शुष्कवाद, विवाद आणि धर्मवाद. अहंकारी व द्वेषाने भरलेल्या व्यक्तीशी घातलेला वाद तो शुष्कवाद. त्यात जिंकले तरी अनर्थ आणि हरले तरी धर्माची अप्रतिष्ठा. लाभ व कीर्ती यांच्या इच्छेने, शब्दच्छल करून केलेला तो विवाद. मध्यस्थ वृत्तीच्या, स्वतःच्या शास्त्राचे मर्म जाणणाऱ्या बुद्धिमंताशी केलेला तो धर्मवाद. या शेवटच्या प्रकारात पराभवही निष्फळ जात नाही, कारण त्यातून स्वतःचा मोह नाहीसा होतो. या वर्गीकरणाचे वैशिष्ट्य असे की, आचार्यांनी येथे वादाची परीक्षा जय-पराजयावरून न करता वाद घालणाऱ्याच्या वृत्तीवरून आणि वादाच्या फळावरून केली आहे.

वृत्तीनंतर येते ती युक्तिवादाची रचना. नैयायिकांनी अनुमानाचे पाच अवयव मानले. ‘परीक्षामुख’कार माणिक्यनंदींनी वादासाठी प्रतिज्ञा आणि हेतू हे दोनच पुरेसे मानले, शिकणाऱ्याच्या सोयीसाठी मात्र उदाहरणादी अवयवांना मोकळीक ठेवली. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. तेथे धूर दिसतो, हा हेतू. हेतू खरा केव्हा? प्रतिज्ञेवाचून तो संभवतच नाही, तेव्हा. जैन तार्किकांनी यालाच ‘अन्यथानुपपत्ती’ म्हटले. हेतू मुळात सिद्धच नसेल तर तो ‘असिद्ध’, उलट गोष्टच सिद्ध करीत असेल तर ‘विरुद्ध’, आणि दोन्हीकडे लागू पडत असेल तर ‘अनैकांतिक’. कोणत्याही लेखातील अलंकार, उपहास व आवेश बाजूस सारून प्रतिज्ञा आणि हेतू शोधणे, ही पारखेची पहिली पायरी होय.

ही कसोटी महाराष्ट्राच्या इतिहासातील एका गाजलेल्या वादाला लावून पाहणे उद्बोधक ठरेल. तो वाद म्हणजे 1891 चा संमतिवयाचा वाद. 1860 च्या दंडविधानाने मुलीचे संमतिवय दहा वर्षे ठरविले होते. विवाहित मुलीसही तीच मर्यादा होती. 1889 मध्ये बंगालमधील फुलमणी या बालिकेचा पतीच्या बळजबरीमुळे मृत्यू झाला. तिने दहा वर्षे ओलांडलेली असल्याने पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू होऊ शकला नाही. जानेवारी 1891 मध्ये ही मर्यादा बारा वर्षांवर नेणारे विधेयक मांडले गेले आणि 19 मार्च 1891 रोजी ते संमत झाले. या अल्प काळात पुण्यातील वृत्तपत्रांनी परस्परांविरुद्ध लेखण्या उपसल्या. ‘सुधारक’मधून गोपाळ गणेश आगरकरांनी विधेयकाचे समर्थन केले. ‘केसरी’तून बाळ गंगाधर टिळकांनी त्यास विरोध केला. हेच दोघे काही वर्षांपूर्वी ‘केसरी’च्या उभारणीतील सहकारी होते आणि 1882 मध्ये त्यांनी एकत्र कारावासही भोगला होता.

विरोधकांच्या लेखनात तीन हेतू आढळतात. गर्भाधान संस्काराच्या शास्त्रोक्त काळात कायद्याने बाधा येते, हा पहिला. परकीय सरकारने धर्मात हात घालू नये, 1858 च्या राणीच्या जाहीरनाम्यात तसे आश्वासन आहे, हा दुसरा. सुधारणा शिक्षणाने व समाजाच्या अंतःप्रेरणेने व्हावी, हा तिसरा. समर्थकांचे हेतू निराळे होते. बालिकांच्या देहाला व जीविताला होणारा अपाय हा मुख्य. 1829 चा सतीबंदीचा कायदा हा दाखला. आणि शास्त्र तशी सक्ती करीत नाही, हे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी केलेले प्रतिपादन.

आता दोन्ही बाजू कसोटीवर घासाव्यात. ‘रूढी प्राचीन आहे, म्हणून ती राखावी’ असे म्हणणाऱ्याचा हेतू अनैकांतिक ठरतो, कारण सतीची चालही प्राचीन होती. उलट, ‘जो कायद्याला विरोध करतो तो बालविवाहाचा पक्षपाती’ असे म्हणणाऱ्याचा हेतू असिद्ध ठरतो. मुलीचा विवाह सोळा वर्षांपूर्वी व मुलाचा वीस वर्षांपूर्वी करू नये, असा निर्बंध सुधारकांनी प्रथम स्वतःवर घालून घ्यावा, ही सूचना 1890 मध्ये टिळकांनीच मांडली होती. त्यांची खरी प्रतिज्ञा सुधारणेच्या साधनाविषयी होती. ती ध्यानात न घेता दिलेले उत्तर त्यांना लागू पडत नाही. त्याचप्रमाणे ‘परकीय सरकारला अधिकार नाही’ हे विधान आपल्या जागी कितीही सबळ असले, तरी दहा वर्षांच्या मुलीचे रक्षण आज कोणी करावयाचे, या प्रश्नाचे ते उत्तर होत नाही. विचारले एक आणि उत्तर दिले दुसऱ्याचे, या दोषास न्यायशास्त्रात ‘अर्थांतर’ म्हणतात. आगरकरांच्या हयातीतच विरोधकांनी त्यांची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. तिने त्यांच्या एकाही हेतूचे खंडन झाले नाही. शुष्कवाद तो हाच. 1895 मध्ये आगरकर निवर्तले तेव्हा ‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांनी लिहिला.

या विवेचनावरून ‘दोघांचेही बरोबर’ असा निष्कर्ष काढणे मात्र योग्य नव्हे. अनेकांत म्हणजे निर्णय टाळणे नव्हे. प्रत्येक विधान कोणत्या नयाने, म्हणजे कोणत्या दृष्टिकोनातून केले आहे, हे पाहून त्याला त्याच्या मर्यादेत मान देणे म्हणजे अनेकांत. स्वराज्याच्या नयातून टिळकांचा आक्षेप अर्थपूर्ण होता. जीवदयेच्या नयातून पाहता मात्र बालिकेच्या प्राणरक्षणाला विलंब परवडणारा नव्हता, आणि त्या क्षणी निर्णयाचे पारडे त्या बाजूला झुकणे न्याय्य होते. अन्य सर्व दृष्टी नाकारणाऱ्या नयाला आचार्य हेमचंद्रांनी ‘दुर्नय’ म्हटले आहे. मराठीत तो ओळखण्याची खूण लहानशी आहे : ‘हेच खरे’ यातील ‘च’. लेखात जेथे जेथे असा ‘च’ येतो, तेथे वाचकाने थांबून तो हेतूच्या बळावर आला आहे की आवेशाच्या, हे पाहावे.

ही पारख घरोघरी करता येण्याजोगी आहे. स्वाध्यायाच्या बैठकीत एखादा अग्रलेख किंवा फिरता संदेश घ्यावा आणि चार प्रश्न विचारावेत. लेखकाची प्रतिज्ञा नेमकी कोणती? तिच्यासाठी दिलेला हेतू सिद्ध आहे काय? त्याच हेतूने उलट गोष्टही सिद्ध करता येईल काय? आणि ज्याचे खंडन केले आहे, त्याला स्वतःचे म्हणणे या शब्दांत मान्य झाले असते काय? हे प्रश्न प्रथम स्वपक्षाच्या लेखनाला लावावेत, कारण आवडत्या मताच्या हेत्वाभासांकडे मन सहज काणाडोळा करते. संस्थेच्या सभेत, कुटुंबातील मतभेदात आणि पिढ्यांमधील संवादात ही सवय रुजली, तर कटुता पुष्कळ कमी होईल आणि स्वतःची चूक उमगणे हा पराभव न वाटता हरिभद्रसूरींनी सांगितलेला लाभ वाटू लागेल.

जय जिनेंद्र!