शाळा उघडण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



जूनच्या मध्यास शाळा उघडतील. दप्तरे, गणवेश, छत्र्या यांची खरेदी आपण हौसेने करूच. मी आज बोलणार आहे ती कागदांविषयी. आपल्या आसपास बांधकामावर राबणारी कुटुंबे राहतात. ‘दाखला नाही, म्हणून पोर घरीच आहे,’ असे त्या माउल्या मला सांगतात.

त्यांना कायदा समजावून देणे आपले काम आहे. 2009 चा शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना त्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला. जन्माचा दाखला नाही, एवढ्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी सरकारी वा अनुदानित शाळेला मूल अडवता येत नाही. मूल कधी शाळेत गेलेच नसेल, तर त्याला वयाला साजेशा वर्गात घेऊन मागचा अभ्यास भरून काढायचा असतो. प्रवेशासाठी देणगी मागण्यासही मनाई आहे.

दाखले सवडीने मिळवावेत; त्यांच्यापायी मुलाचे वर्ष जाऊ नये. शाळा उघडेल त्या आठवड्यात प्रत्येकीने अशा एका आईसोबत शाळेपर्यंत जावे, एवढीच माझी विनंती आहे.