पदवीची अट आणि माणसाचे शिक्षण
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



तालुक्याच्या गावच्या एखाद्या महाविद्यालयात प्रवेशाच्या दिवसांत खिडकीपाशी उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. शेतमजुराची मुलगी, घरात बारावीच्या पुढे गेलेली पहिलीच, हातात अर्ज घेऊन उभी असते. अर्जावर रकाने असतात : मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. प्रत्येक रकान्यापुढे श्रेयांकांचा आकडा. खिडकीमागचा कारकून सांगतो, "हे सगळे भरल्याशिवाय पदवी नाही." त्या रकान्यांचा अर्थ तिला कोणी समजावून सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाही तो पुरता ठाऊक नसतो.

या रकान्यांच्या मुळाशी मात्र एक मोठा विचार आहे, आणि तो पुरोगामी विचार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पदवीधर हा केवळ एका विषयाचा जाणकार असून भागत नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला आपल्या समाजाचा इतिहास ठाऊक असावा, साहित्याच्या विद्यार्थ्याला विज्ञानाची पद्धत कळावी, आणि दोघांनाही राज्यघटनेने दिलेले हक्क व ते मिळवण्याचे मार्ग माहीत असावेत, अशी ही भूमिका आहे. तिलाच सर्वसाधारण शिक्षण म्हणतात. प्रश्न असा की, हा विचार पदवीच्या अटींत उतरताना त्याचे काय होते, आणि तो कोणाच्या वाट्याला किती येतो?

हा विचार आपल्या देशात नवा नाही. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात, 1948 साली, डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. त्यात डॉ. झाकिर हुसेन होते, मेघनाद साहा होते, तसेच आर्थर मॉर्गन व जॉन टायगर्ट हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञही होते. 1949 च्या अहवालात आयोगाने सर्वसाधारण शिक्षणाचा आग्रह धरला. त्याआधी चारच वर्षे, 1945 साली, हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने याच विषयावर आपला गाजलेला अहवाल प्रसिद्ध केला होता. मानव्यविद्या, समाजशास्त्रे आणि विज्ञान या तिन्हींचा काही समान गाभा प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला यावा, असे त्या समितीचे म्हणणे होते. महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी अमेरिकेत 1944 च्या कायद्याने महाविद्यालयांची दारे उघडली होती, तोच हा काळ. उच्च शिक्षण मूठभरांपुरते असते तोवर समान गाभ्याचा प्रश्न फारसा बोचत नाही, कारण घराण्याचे संस्कार तो गाभा परस्पर पुरवतात. सर्वसामान्यांची मुले वर्गात आली, की हे काम वर्गालाच करावे लागते.

झाकिर हुसेन यांचे नाव या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी बोलावलेल्या शिक्षण परिषदेनंतर नई तालीमची योजना आखणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. हाताने काम करणे आणि विचार करणे या दोन गोष्टी वेगळ्या जातींना वाटून देण्याची आपली जी जुनी रीत, तिच्यावरच त्या योजनेचा रोख होता. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्या महाराष्ट्रातील जे. पी. नाईक होते, कार्यानुभव आणि समाजसेवा यांना शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर स्थान द्या, असे सांगितले. म्हणजे भारतीय परंपरेत सर्वसाधारण शिक्षणाच्या दोन धारा आहेत : एक ग्रंथांची आणि एक श्रमाची. महाराष्ट्रात या दुसऱ्या धारेला कर्मवीर भाऊराव पाटलांनी प्रत्यक्ष रूप दिले. 1947 साली साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' ही फीमाफीची केवळ सोय नव्हती. श्रम करणाऱ्या मुलाला पदवीचा अधिकार आहे, याची ती घोषणा होती.

मग एवढ्या चांगल्या विचाराचे पुढे झाले काय? इतिहास पाहिला तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. सर्वसाधारण शिक्षण हा पदवीचा गाभा होण्याऐवजी तिचे शेपूट होते. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेत 1991 साली पर्यावरण हा विषय शिक्षणात आणण्याचा आदेश दिला. 2003 साली न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, तेव्हा कुठे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. हेतू निर्विवाद होता. परंतु त्यासाठी स्वतंत्र शिक्षक नाही आणि गुणांना वजन नाही. परिणामी असंख्य महाविद्यालयांत तो विषय म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा तयार प्रकल्प होऊन बसला. ज्या गावात नदी साखर कारखान्याच्या मळीने काळी पडते, त्याच गावातला विद्यार्थी पर्यावरणाचा प्रकल्प दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो. हा दोष त्या विद्यार्थ्याचा नाही.

दिल्ली विद्यापीठात 2013 साली चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आला. त्यात 11 पायाभूत अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचे होते, आणि दोन, तीन वा चार वर्षांनी बाहेर पडण्याची मुभा होती. पायाभूत विषयांचा दर्जा शाळेचा आहे, आणि चौथ्या वर्षाचा भार गरिबांना पेलणारा नाही, अशा तक्रारी विद्यार्थी व शिक्षक या दोघांनीही केल्या. अखेर जून 2014 मध्ये तो गुंडाळला गेला. तरी सहा वर्षांनी, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, हीच चौकट सबंध देशासाठी परत आली.

आता या चौकटीचा हिशोब पाहावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या पदवीला 160. तीन वर्षांच्या पदवीत 60 श्रेयांक मुख्य विषयाचे, 24 दुय्यम विषयाचे. उरलेल्यांतून बहुविद्याशाखीय अभ्यासाला 9, भाषेला 8, कौशल्याला 9, मूल्यवर्धक विषयांना 6 ते 8 आणि उन्हाळी कार्यानुभवाला 2 ते 4. एक श्रेयांक म्हणजे सत्रातील 15 तासांचे अध्यापन. म्हणजे आपल्या विषयाबाहेरचे जग समजून घेण्यासाठी मुख्यतः राखलेला वेळ तीन वर्षांत मिळून 135 तास. तोही तीन वेगवेगळ्या तुकड्यांत विभागलेला. ज्याला बहुविद्याशाखीय शिक्षणाचे युग म्हणून गौरवले जाते, त्याचा वाटा पदवीत साडेसात टक्के आहे.

महाराष्ट्राने 2023 च्या शासन निर्णयाने ही चौकट आपल्या पद्धतीने स्वीकारली आणि ती आता संलग्न महाविद्यालयांपर्यंत पोहोचली आहे. तिथे निवडीचे स्वातंत्र्य नावापुरते उरते. शहरातल्या मोठ्या स्वायत्त महाविद्यालयात विद्यार्थ्यासमोर वीस-पंचवीस खुले विषय असू शकतात. तालुक्याच्या महाविद्यालयात मात्र ज्या प्राध्यापकाचा कार्यभार कमी पडतो, त्याचा विषय हाच विद्यार्थ्याचा 'खुला पर्याय' ठरतो. मुलीला काय शिकावेसे वाटते, हा प्रश्नच उद्भवत नाही. कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, तासिका तत्त्वावर राबणारा तरुण शिक्षक एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात धावत असतो, आणि दोन श्रेयांकांचा नवा विषय त्याच्या गळ्यात सत्र सुरू झाल्यावर पडतो. मराठीत पुस्तक नसते. मग प्रकाशकाची मार्गदर्शिका हाच अभ्यासक्रम होतो. सर्वसाधारण शिक्षण असे स्वस्तात उरकता येते, हा समजच त्याच्या ऱ्हासाचे मूळ आहे.

याहून गंभीर बाब बाहेर पडण्याच्या मार्गांची आहे. पहिल्या वर्षानंतर 40 श्रेयांक आणि त्यावर 4 श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केल्यास प्रमाणपत्र मिळते; दुसऱ्या वर्षानंतर त्याच रीतीने 80 श्रेयांकांवर पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि सात वर्षांत पदवी पुरी करता येते. दुसऱ्या टोकाला, पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स. कागदावर हे लवचिक आहे. शिक्षण सुटलेल्याच्या हाती काहीच न राहण्यापेक्षा प्रमाणपत्र बरे, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणेही अगदीच टाकाऊ नाही. तथापि पहिल्या वर्षी बाहेर कोण पडेल? ज्याच्या बापाने द्राक्षबागेचे कर्ज काढले आहे तो, जिचे लग्न ठरले आहे ती, ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतला मुलगा. आणि चौथ्या वर्षापर्यंत कोण टिकेल, हे सांगायला आयोग नेमण्याची गरज नाही. पूर्वी शिक्षण अर्धवट सुटणे ही व्यवस्थेची नामुष्की होती. आता त्याला प्रमाणपत्राची चौकट लावली की ते धोरणाचे यश म्हणून मोजता येईल.

इथे जोतीराव फुल्यांची आठवण अपरिहार्य आहे. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले, की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. चालू शिक्षण जीवनाला उपयोगी नाही, ते कारकून आणि पंतोजी घडवते, हेही त्यांनी सांगितले. त्याच निवेदनात, ज्यांना महाविद्यालयात जाणे परवडत नाही, त्यांचा खाजगी अभ्यास विद्यापीठाच्या परीक्षांसाठी ग्राह्य धरावा, अशी मागणी आहे. शिक्षणाचा आशय काय आणि ते कोणाला मिळते, हे दोन प्रश्न जोतीरावांनी कधी वेगळे केले नाहीत. आजच्या चर्चेत ते सोयीस्करपणे वेगळे केले जातात. शिक्षणतज्ज्ञ आशयावर बोलतात आणि शासन प्रवेशाचे आकडे देते.

काही मित्र विचारतात की, बेकारीने गांजलेल्या पोराला इतिहास आणि विज्ञानपद्धती घेऊन काय करायचे? त्याला कौशल्य द्या, नोकरी द्या. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. कौशल्य जरूर हवे. परंतु आज शिकवलेले यंत्र दहा वर्षांनी भंगारात जाते, आणि त्याबरोबर केवळ तेवढेच शिकलेला कामगारही. ज्याला वाचता, मोजता, वाद घालता, पुरावा तपासता येतो, तो नवे यंत्र शिकतो, कंत्राटाचा मसुदाही वाचतो आणि भविष्यनिर्वाह निधीची कपात का भरली गेली नाही, हेही विचारतो. श्रीमंतांच्या महाविद्यालयांतून तत्त्वज्ञान, इतिहास, संगीत कोणी काढून टाकलेले नाही. गरिबाच्या मुलाला फक्त कौशल्य आणि श्रीमंताच्या मुलाला विचार, ही वाटणी नवी नाही. तिचे जुने नाव सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून विरोधासाठी विरोध न करता काही स्पष्ट मागण्या घेऊन पुढे गेले पाहिजे. दोन-दोन श्रेयांकांचे डझनभर तुकडे करण्यापेक्षा तीन-चार भरीव विषयांचा समान गाभा सर्व शाखांना असावा : भारतीय समाज व राज्यघटना, विज्ञानाची पद्धत, भाषा व विवेचन, आणि परिसरातील श्रम व अर्थकारण यांचा प्रत्यक्ष अभ्यास. क्षेत्रीय प्रकल्पात विद्यार्थ्याने आपल्याच गावची रेशन व्यवस्था, पाणीवाटप, रोजगार हमीची कामे तपासावीत. भारतीय ज्ञानप्रणालीच्या तासाला चार्वाक, बुद्ध, तुकाराम, ताराबाई शिंदे यांना दाराबाहेर ठेवू नये. या गाभ्यासाठी कायम शिक्षक नेमावेत आणि विद्यापीठांनी मराठीत चांगली पुस्तके काढावीत. शेवटची मागणी सर्वांत साधी आहे : पहिल्या व दुसऱ्या वर्षानंतर किती विद्यार्थी बाहेर पडले, त्यांत मुली किती, दलित, आदिवासी, भटके-विमुक्त किती, आणि किती परतले, हे आकडे प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी प्रसिद्ध करावेत.

हे काम कार्यकर्त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे 10 प्रतिनिधी निवडून जातात. तालुक्या-तालुक्यांत आपले किती पदवीधर साथी मतदार म्हणून नोंदले गेले आहेत? अभ्यासमंडळाने ठरवलेला अभ्यासक्रम किती जणांनी वाचून पाहिला आहे? फीवाढीच्या मोर्चाला जसे जायचे, तसेच अभ्यासक्रमाच्या पानांपाशीही बसायला हवे. येत्या जूनमध्ये एवढे तरी व्हावे, की प्रवेशाच्या खिडकीपाशी त्या मुलीशेजारी एक कार्यकर्ता उभा असेल. तो तिला प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगेल, आणि पहिल्या वर्षानंतर ती वर्गात दिसली नाही, तर तिच्या घरी जाऊन विचारेल.