गर्दीतली बाई

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकले-माकले पदरात घ्यावे. गेल्या वर्षी मी दोन दिवस एका मालिकेच्या चित्रीकरणात गर्दीत उभी राहिले. तेव्हापासून कोणी ना कोणी विचारते, "काय हो, तिथे काय करायचे असते?" एकेकीला सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच सांगा, असे चिटणीसबाई म्हणाल्या, म्हणून उभी आहे.

आधी आपल्या गावाची गोष्ट. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत लागला. त्यात तारामतीचे काम करायला एकही बाई मिळाली नाही. शेवटी खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून तारामती झाले! मग दादासाहेब नाशिकला आले. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कोवळ्या वयाची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघींनी काम केले. पडद्यावर आलेल्या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्रिया त्या. आणि पडद्यामागे होत्या सरस्वतीबाई फाळके. एवढ्या मंडळींचा स्वयंपाक करून त्या रात्री फिल्मच्या पट्टीला भोके पाडीत बसत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेबांचे स्मारक आहे, तिथे गेले की मला आधी त्याच आठवतात.

आता माझे. ओळखीच्या एकीने विचारले, "लग्नाच्या देखाव्यात बायका हव्यात, येतेस का?" दिवसाला पाचशे रुपये आणि दोन वेळचे जेवण. घरी विचारले. यजमान काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांना रुचले नव्हते. सासूबाई मात्र म्हणाल्या, "लग्नात मिरवायचे पैसे मिळतात तर जा की. आम्ही जन्मभर फुकटच मिरवलो."

सकाळी सहाला आम्ही बाराजणी एका जुन्या वाड्यात हजर. पिशवीत तीन साड्या आणायला सांगितल्या होत्या. पांढरी नको, बारीक चौकड्याची नको, ती कॅमेऱ्यात चमचमते. नेसून बसलो ती बसलोच. पहिला देखावा घेतला तेव्हा अकरा वाजून गेले होते. या कामात उभे राहण्यापेक्षा वाट पाहणेच जास्त.

गर्दीने बोलायचे नसते. नुसते ओठ हलवायचे, कारण आवाज मुख्य नटांचा हवा. मी शेजारणीशी आवाज न काढता तास-दोन तास गप्पा मारल्या. आयुष्यात इतके गप्प राहून इतके बोलले नव्हते! एकच मंगलाष्टक निरनिराळ्या बाजूंनी आठ-नऊ वेळा घेतले. टाकलेल्या अक्षता सतरंजीवरून गोळा करून पुन्हा आमच्याच हातात. ताटात जिलबी होती, पण खायची नाही. पुढच्या वेळी ताट तसेच दिसले पाहिजे ना! दुपारपर्यंत तिच्यावर माशा आमच्यापेक्षा जास्त.

एक मुलगा फोनवर आमचे फोटो काढीत होता. कोण कुठे उभी, कोणाची कोणती साडी, किती बांगड्या. दुसऱ्या दिवशी सगळे जसेच्या तसे लागते. त्याला तिकडे कंटिन्युइटी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

रात्री आठला सुटलो. चौदा तास झाले होते. आम्हाला आणणारा मनुष्य म्हणाला, "मावशी, पैसे उद्या एकदम." आमच्यात एक विधवा बाई होती. तिला त्या रात्री पैसे घेऊन औषध न्यायचे होते. ती काही बोलली नाही, नुसती पिशवीचे बंद सोडत-बांधत राहिली. तिच्या रिक्षाचे पैसे आम्ही दोघींनी भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विचारले तर म्हणे, "काम संपल्यावर, आणि निम्मे. निम्मे पुढच्या महिन्यात." रात्रभर माझ्या डोक्यात तो फोटो काढणारा मुलगा होता. मी बायकांना म्हटले, "आपल्याला वाटते आपल्यासारख्या छप्पन्न मिळतील. पण काल वधूच्या मागे ही हिरवी साडी उभी होती. आज दुसरी कोणी उभी करता येणार नाही. आपण भांडायचे नाही. फक्त बसायचे."

आम्ही बाराजणी साड्या नेसून, गजरे माळून वाड्याच्या पायऱ्यांवर बसलो. माझे हात थंड पडले होते, खोटे कशाला सांगू? तो मनुष्य आधी हसला, मग ओरडला, मग गयावया करू लागला. आतून दिग्दर्शक बाहेर आले. मी उठून म्हटले, "दादा, कालचे पैसे मिळाले की लगेच उभ्या राहतो." पाव तासात पाकिटे आली. संध्याकाळी दुसरीही आली.

त्या मनुष्याने मला पुन्हा कधी बोलावले नाही. ती किंमत मी मोजली. त्या विधवा बाईला मात्र तो अजून बोलावतो, आणि पैसे त्याच दिवशी देतो.

तेव्हा कोणी जाणार असाल तर एकटीने जाऊ नका. पैसे किती, कधी, किती तासांचे, हे आधी चारचौघींसमोर ठरवा. कपडे बदलायला आडोसा आणि शौचालय आहे का, रात्री घरी कोण पोचवणार, हे विचारा. लिहून ठेवा. मुंबईत या कामातल्या बायकांची स्वतंत्र संघटना आहे. आपल्याकडे निदान मंडळ तरी आहे. १९८२ च्या 'गांधी' चित्रपटातल्या अंत्ययात्रेला सुमारे तीन लाख माणसे उभी होती म्हणतात. ती नसती तर ती यात्रा कोणाला खरी वाटली असती?

मालिकेत मी दिसले ती दोन क्षण, तीही पाठमोरी. यजमान म्हणाले, "कुठे आहेस?" सासूबाईंनी चष्माही न लावता बोट दाखवले, "ही काय! अंबाडा सैल, नेहमीसारखा."