झिलईचा रंग का फसतो?

(सांबरा येथील भाषण)



बाप्पाची मूर्ती मातीचीच हवी, असा आपला आग्रह असतो. आज त्याच मातीच्या भांड्यांविषयी चार शब्द. आपल्या खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथेच आहे.

हाताने घडवलेल्या भांड्याला हिरवी झिलई द्यावी आणि भट्टीतून ते मळकट निघावे, ही नेहमीची तक्रार. दोष मात्र रंगाच्या पुडीला! आम्ही म्हणतो, आधी तीन गोष्टी पाहा. पहिली माती. लाल मातीतले लोह झिलईतून वर दिसते. म्हणून आधी पांढऱ्या मातीचा लेप द्यावा. दुसरी जाडी. थर पातळ तर रंग फिका, जाड तर ओघळ. तिसरी हवा. तांब्याची झिलई मोकळ्या हवेत हिरवी होते, हवा कोंडली तर लालही.

तेव्हा अख्खी भट्टी पणाला लावू नका. त्याच मातीचे चार तुकडे भाजून पाहा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत टिपा.

शेवटचे, पण महत्त्वाचे. शिशाच्या झिलईने रंग खुलतो. पण लोणचे, चिंच, ताक यांच्या आंबटपणाने शिसे अन्नात उतरते. खाण्याच्या भांड्याला ती नकोच. रंग थोडा फिका चालेल, घरची माणसे धडधाकट हवीत.

गणपती बाप्पा मोरया!