ठरवून राहणं
(रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. मी मास्तर माणूस, सहा घेईन, सांभाळून घ्या.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. आपली सोसायटी त्याच्याच पाठीवरची. तेव्हा इथं काळी माती आणि बाभळी होत्या. आपण इथं का आलो? खरं सांगायचं तर प्लॉट हप्त्यानं मिळत होता आणि शाळा जवळ होती. या माणसांसोबत जन्मभर राहायचं, असं ठरवून कोणी आलं नव्हतं.

मागच्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला आणि म्हणाला, "बाबा, घर विकून टाका अन् चला तिकडं. इथं काय ठेवलंय?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न इथल्या बऱ्याच घरांत विचारला गेलाय, हे मला ठाऊक आहे. काही दारांना कुलपंही लागली आहेत. तेव्हापासून ठरवून एकत्र राहणाऱ्या माणसांचा मी विचार करतोय.

पहिलं उदाहरण घरचंच. नानाजी देशमुख आपल्या कडोळीचे. जन्म १९१६ चा. साठी ओलांडल्यावर त्यांनी राजकारण सोडलं आणि पुढे चित्रकूटच्या परिसरात ग्रामविकासाचं काम उभं केलं. तिथं त्यांनी 'समाजशिल्पी दांपत्य' ही कल्पना राबवली. शिकलेल्या नवरा-बायकोनं पाच वर्षं खेड्यात जाऊन राहायचं. गाडीतून येऊन सल्ला देऊन जाणारा साहेब वेगळा आणि ज्याच्या घरी आपण विरजण मागायला जातो तो शेजारी वेगळा. गाव शेजाऱ्याचं ऐकतं.

ही झाली पाच वर्षांची गोष्ट. जन्मभराची गोष्ट वर्ध्याजवळ पवनारला आहे. धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, ते मुख्यतः बहिणींसाठी. वेगवेगळ्या प्रांतांतून, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या बहिणी तिथं राहायला आल्या. विनोबा स्वतः तेव्हा भूदानासाठी पायी हिंडत होते, म्हणजे रोज वाद मिटवायला कोणी मोठं माणूस घरात नव्हतं. १९७० पासून ते तिथं कायमचे राहिले आणि १९८२ मध्ये गेले. त्यांच्यामागेही बहिणींनी आश्रम चालवला.

कशाच्या बळावर? मला दोन गोष्टी दिसतात. एक, स्वयंपाक, झाडलोट, शेती, छापखाना ही सगळी कामं बहिणींनी आपसात वाटून घेतलेली. हे हलकं, ते भारी, असं नाही. आणि दुसरी, निर्णय सर्वसंमतीनं. हात वर करून मोजायचे नाहीत. एकीला पटलं नसेल तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. यात वेळ जातो, पण हरलेली कोणी उरत नाही.

आता आपल्याकडे पाहू. मी दुखरी नस दाबतोय, राग मानू नका. बोअरच्या पाण्याच्या पाळ्या ठरवायच्या होत्या, तो उन्हाळा आठवा. मतदान झालं. बारा एका बाजूला, आठ एका बाजूला. ठराव पास झाला, प्रोसिडिंग बुकात नीट लिहिला गेला. कायद्यानं सगळं बरोबर होतं. पण त्या आठ घरांतलं कोणी पुढची दोन वर्षं कोजागिरीच्या दुधाला आलं नाही. बारांमध्ये माझा हात होता, आणि तो सगळ्यात आधी वर गेला होता. त्या आठांपैकी एकाही घरी मी मतदानाआधी गेलो नव्हतो, चहा प्यायला नव्हतो, तुमची अडचण काय म्हणून विचारलं नव्हतं. आज सगळ्यांसमोर कबूल करतो, चूक झाली.

आपण आश्रम काढणार नाही. आपल्याला संसार आहेत, ईएमआय आहेत, टीव्हीवर मालिका आहेत. उपनियमांप्रमाणे मतदान लागेल तिथं लागेलच. पण माझ्या दोन विनंत्या आहेत. ज्या विषयानं एखाद्याच्या घराला झळ बसणार, तो विषय एका मीटिंगमध्ये मांडायचा आणि मतदान पुढच्या मीटिंगला घ्यायचं. मधल्या महिन्यात दोघा-तिघांनी त्या घरी जाऊन बसायचं. दुसरी विनंती, महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तासभर सगळ्यांनी मिळून सोसायटीचं काम करायचं. नाली, झाडं, टाकीभोवतीची जागा. पैसे देऊन माणूस लावता येतो, माहीत आहे. पण एका घमेल्याला दोघांचे हात लागले की अबोला फार दिवस टिकत नाही.

मुलाला मी परवा फोनवर सांगितलं, "मी इथंच राहणार." तो म्हणाला, "एकटे पडाल." मी म्हणालो, "ते आता इथल्या लोकांवर आणि माझ्यावर आहे." पंचवीस वर्षं आपण योगायोगानं शेजारी राहिलो. इथून पुढे ठरवून राहू या. पहिल्या रविवारी सात वाजता मी टाकीजवळ खराटा घेऊन उभा आहे. त्या आठ घरी आमंत्रण द्यायला मी स्वतः येणार आहे. चहा ठेवा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!