नागरिकत्वाची रांग आणि अनिश्चिततेची किंमत

(व्याख्यानाचा संपादित अंश)



नागरिकत्व हा विषय सामान्यतः विधिज्ञांचा समजला जातो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात का डोकवावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझे उत्तर साधे आहे. जेथे रांग आहे तेथे किंमत आहे. आणि ती किंमत कोण मोजतो, हा आमच्या शास्त्राचा जुना प्रश्न होय.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या विस्थापितांच्या छावणीतून उल्हासनगर उभे राहिले. पुढील दशकांतही पाकिस्तानातून येणारी कुटुंबे नातलगांच्या आधाराने तेथे येत राहिली. काही वर्षांपूर्वी अशाच एका शिंप्याशी माझे बोलणे झाले. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर तो येथे राहत होता. दुकान अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. शिवणयंत्र मात्र पायाने चालवायचे. विजेवरचे का घेत नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, “साहेब, दहा वर्षे लागतील असे कोणी लिहून दिले असते, तर मी अकराव्या वर्षाचा हिशेब मांडला असता. उद्याचेच ठाऊक नाही, तर कर्ज कशाच्या भरवशावर काढू?” अनिश्चिततेच्या काळात परत न फिरवता येणारी गुंतवणूक माणूस पुढे ढकलतो, हा सिद्धान्त मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो, तो इतक्या थोडक्यात मला कधी मांडता आला नव्हता.

आता कायद्याकडे पाहू. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ अन्वये भारतीय वंशाच्या व्यक्तीने नोंदणीसाठी अर्ज करण्यापूर्वी येथे सात वर्षे वास्तव्य केलेले असावे लागते. ही अट कठोर वाटेल, पण ती ज्ञात आहे. तिच्याभोवती आयुष्याची आखणी करता येते. खरी अडचण अर्ज दिल्यानंतर सुरू होते. २००९ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांनी ६० दिवसांत आपला अहवाल राज्य सरकारकडे आणि राज्य सरकारने ३० दिवसांत तो केंद्राकडे पाठवावयाचा असतो. कागदावर हे तीन महिने झाले. प्रत्यक्षात मात्र १४ डिसेंबर २०२१ रोजी १०,६३५ अर्ज प्रलंबित होते व त्यांपैकी ७,३०६ पाकिस्तानातून आलेल्यांचे होते, असे सरकारनेच राज्यसभेत सांगितले. २०१८ ते २०२१ या चार वर्षांत तीन शेजारी देशांतील अल्पसंख्याकांचे ८,२४४ अर्ज आले आणि ३,११७ जणांना नागरिकत्व मिळाले.

हा विलंब केवळ सरकारी अनास्थेमुळे होतो, असे मी म्हणणार नाही. सुरक्षा यंत्रणांची पडताळणी आवश्यकच आहे आणि ती घाईने उरकण्याची गोष्ट नव्हे. पण काही गाठी आपणच मारून ठेवलेल्या होत्या. अर्ज ऑनलाइन झाल्यावरही मुदत संपलेला पाकिस्तानी पासपोर्ट त्या पद्धतीत ग्राह्य धरला जात नसे. परिणामी, ज्या देशाचा त्याग करून माणूस आला, त्याच देशाच्या दिल्लीतील उच्चायुक्तालयात जाऊन, मोठे शुल्क भरून पासपोर्टचे नूतनीकरण करणे त्याला भाग पडे. जोधपूरच्या वस्तीतील खाणमजुराला हा प्रवास किती दिवसांच्या मजुरीला पडत असेल, याचा हिशेब आपणच करावा. सरकारच्या कोणत्याही लेखाशीर्षात हा खर्च दिसत नाही. शिवाय, दोन देशांच्या संबंधांवर अर्जदाराचे कॅलेंडर अवलंबून राहते ते वेगळेच. एप्रिल २०२५ मधील पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदू पाकिस्तानी नागरिकांचे दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील, असा खुलासा सरकारने केला खरा. परंतु तो येईपर्यंतचे दिवस त्या घरांतून कसे गेले असतील!

केंद्राने उपाय योजले नाहीत असे नाही. डिसेंबर २०१६ मध्ये या तीन देशांतील अल्पसंख्याकांबाबतचे अधिकार सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आले. त्यांत आपले मुंबई, ठाणे, पुणे व नागपूर होते. मे २०२१ मध्ये आणखी तेरा जिल्हे जोडले गेले. हेतू उत्तम होता. पण अर्जदार कोणत्या जिल्ह्यात राहतो यावर त्याच्या फाइलीचा मार्ग ठरू लागला, हेही नजरेआड करता येणार नाही.

सर्वांत बोलका अनुभव २०२४ चा आहे. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. त्याच्या गुणदोषांत मी आज शिरत नाही. मला त्याची कार्यपद्धती अभ्यसनीय वाटते. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झाले आणि १५ मे रोजी दिल्लीत पहिल्या चौदा जणांच्या हाती प्रमाणपत्रे पडली. अवघे दोन महिने! या नियमांत मुदत संपलेली कागदपत्रेही चालतात, आणि जिल्हा पातळीवरील समितीचे प्रमुख टपाल खात्याचे अधीक्षक असतात. टपाल खात्याला अवेळी पोहोचणाऱ्या वस्तूंचा अनुभव दांडगा, असे कोणी गमतीने म्हणेल. पण येथे काम झाले. चौदांवरून सर्वांचा निष्कर्ष काढणे संख्याशास्त्राला धरून होणार नाही, हे मान्य. तरीही हे दोन महिन्यांत होऊ शकते, एवढे सिद्ध झाले. ३१ डिसेंबर २०१४ नंतर आलेल्यांना आणि अन्य परदेशी अर्जदारांना मात्र जुनीच वाट आहे.

इतरत्र काय होते? अमेरिकेत ग्रीन कार्डासाठी आपले हजारो तरुण वर्षानुवर्षे तिष्ठत असतात, त्यांत मराठी मुलेही पुष्कळ. ती रांग अन्यायकारक वाटावी इतकी लांब आहे, कधी मागेही सरकते. पण कोणत्या तारखेच्या अर्जांची पाळी आली, हे दरमहा जाहीर होते. नागरिकत्वाच्या बाबतीत तर मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय न झाल्यास अर्जदार तेथील जिल्हा न्यायालयात जाऊ शकतो.

आपल्याकडे न्यायालयांवर हा भार टाकावा, असे मी सुचवणार नाही. फाइल कोठे आहे हे कळणे आणि निर्णय केव्हा होईल हे कळणे, या भिन्न गोष्टी आहेत. अर्जदाराला दुसरी हवी असते. गेल्या वर्षभरात निकाली निघालेल्या अर्जांपैकी निम्म्यांना किती दिवस लागले आणि सर्वांत रेंगाळलेल्या दहा टक्क्यांना किती, हे दोन आकडे दर तिमाहीस जिल्हावार प्रसिद्ध व्हावेत. त्यांसाठी नवा कायदा लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही. आज असे आकडे मिळवायचे तर एखाद्या खासदाराने संसदेत प्रश्न विचारेपर्यंत थांबावे लागते.