हमीभावाची बातमी आणि जकातीची बातमी
(जऊळका येथें झालेलें भाषण)



आपल्या भागांत सोयाबीन पिकतें, म्हणून त्याचाच हिशेब मांडूं. ता. 28 मे 2025 रोजीं दिल्ली सरकारनें सोयाबीनचा हमीभाव क्विंटलीं 4892 वरून 5328 रुपये केला. वाढ 436 रुपयांची! आम्ही वाचलेल्या पत्रांत ती शेतकऱ्यावरची मेहेरबानी म्हणून गाजली. दोनच दिवसांनीं, ता. 30 रोजीं, परदेशांतून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावरील मूळ जकात 20 टक्क्यांवरून 10 वर आणली. ही बातमीही आली. पण गिऱ्हाइकाला तेल स्वस्त मिळणार, एवढ्यापुरतीच. बाहेरचें तेल स्वस्त झालें कीं तेलगिरणीवाला आपल्या सोयाबीनचा दर पाडून मागतो, हें जोडून दाखवायला काय मोठी विद्या लागते?

शिवाय हमीभाव हा कागदावरचा आकडा. माल सरकारी काट्यावर लागला तरच तो पदरांत पडतो, आणि तेथें नियमानें ओलावा 12 टक्क्यांच्या आंत लागतो. सावकार दाराशीं उभा असतां दाणे वाळवीत कोण बसणार? मग व्यापारी म्हणेल तो दर.

सरकारनें बाजारांत हात घालूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. घातलेला हात कोणाच्या खिशांत जातो, तें पत्रांनीं छापावें. मुकुंदराव पाटलांनीं 1910 सालीं ‘दीनमित्र’ खेड्यांतूनच काढला होता. तोंवर बाजारसमितीचा दर व जकातीची तारीख एकाच वहींत टिपूं या. मुलांकडून तें काम आम्ही शाळेंत करवून घेऊं.